कीर्तीच्या आधींचा आवाज



आजच्या भाषणाचा विषय कित्येकांस अनपेक्षित वाटेल. पाश्चात्य जगांत ज्यास रॉक संगीत म्हणतात, त्या संगीतांतील एका जगप्रसिद्ध गायकाच्या आरंभीच्या, आणि म्हणूनच फारशा कोणी न ऐकलेल्या, ध्वनिमुद्रिकांविषयीं मी बोलणार आहें. गायकाचें नांव फ्रेडी मर्क्युरी. अमरावतीसारख्या गांवीं आयुष्यभर व्याकरण आणि अंकगणित शिकविलेल्या एका मॅट्रिक मास्तरानें या विषयांत कां पडावें, असें कोणी विचारील. त्यावर माझें उत्तर असें कीं, हा गायक आपल्या पांचगणीच्या शाळेंत वाढलेला विद्यार्थी आहे. आणि विद्यार्थ्याची पहिली वही काळजीपूर्वक तपासणें हें तर मास्तराचें कामच होय.

त्याचें मूळ नांव फरोख बुलसारा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर ५ सप्टेंबर १९४६ रोजीं एका पारशी कुटुंबांत त्याचा जन्म झाला. घराणें मूळचें गुजरातेंतील बुलसारचें, हें आडनांवच सांगतें. वडील तेथें ब्रिटिश सरकारच्या नोकरींत होते. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यास शिक्षणासाठीं समुद्रापार भारतांत धाडण्यांत आलें, आणि १९५५ च्या सुमारास तो पांचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलच्या वसतिगृहांत दाखल झाला. आपला वऱ्हाड प्रांत १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबई राज्यांत सामील झाला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली, तेव्हां हा मुलगा याच राज्यांत शिकत होता. तो पियानो शिकला, शाळेच्या गायनवृंदांत गायला, आणि १९५८ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, चार सोबत्यांसह त्यानें ‘हेक्टिक्स’ नांवाचा एक वाद्यवृंद उभा केला. मौजेची गोष्ट ही कीं, त्या वृंदांत मुख्य गाणारा दुसराच मुलगा होता. बुलसारा पियानो वाजवी आणि मागें झील धरी. ‘फ्रेडी’ हें नांव मात्र त्यास याच शाळेंत मिळालें. १९६३ सालीं तो झांझिबारला परतला. दुसऱ्याच वर्षीं तेथें राज्यक्रांति झाली, आणि सारें कुटुंब इंग्लंडांत जाऊन लंडननजीक स्थायिक झालें. तेथील ईलिंग कलाशाळेंतून त्यानें रेखाकलेचें शिक्षण पुरें केलें.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. ‘क्वीन’ या वृंदाचा तो गायक झाला. १९७५ सालीं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हें गाणें निघालें आणि इंग्लंडांत नऊ आठवडे तें पहिल्या क्रमांकावर राहिलें. १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेम्ब्ले क्रीडांगणांत, दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ भरलेल्या ‘लाइव्ह एड’ संमेलनांत, त्यानें अवघीं वीस मिनिटें गाऊन जग जिंकलें. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं त्याचें निधन झालें. त्याचें नांव निघालें कीं लोक या दोन-तीन गोष्टी सांगतात आणि थांबतात. मला बोलावयाचें आहे तें १९६९ पासून १९७३ पर्यंतच्या चार-पांच वर्षांविषयीं.

प्रसिद्ध कलावंताच्या आरंभीच्या कामाकडे आपण बहुधा दोन प्रकारें पाहतों. एक तर तें मुळींच पाहत नाहीं. किंवा पुढच्या कीर्तीचीं चिन्हें त्यांत हुडकीत बसतों, आणि तीं पुरेशीं न सांपडल्यास तें काम बाजूस सारतों. दोहोंतहि त्या कामाचें स्वतःचें म्हणणें ऐकून घ्यावयाचें राहून जातें. आपल्या घरचेंच उदाहरण घ्या. आमच्या अमरावतीचे नाटककार वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभि’ नाटकांतील पदें मास्टर दीनानाथांनीं गाजविलीं, हें वऱ्हाडांतील जुन्या मंडळींस सांगावयास नको. त्या दीनानाथांची कन्या लता मंगेशकर. त्यांच्या गायनाची गोष्ट सामान्य श्रोता १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटापासून सांगूं लागतो. वस्तुतः त्यांनीं १९४२ सालींच ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठीं गाणें म्हटलें होतें. तें चित्रपटांतून गाळलें गेलें. त्याच वर्षीं ‘पहिली मंगळागौर’ या चित्रपटांत त्या गायल्या. मधलीं सात वर्षें ही नुसती वाट पाहण्याचीं वर्षें होतीं काय? रंगभूमीच्या खड्या गायनांत वाढलेली एक मुलगी मायक्रोफोनपुढच्या मृदु गायनाकडे कशी वळली, हें त्या वर्षांच्या गाण्यांवांचून कळावयाचें नाहीं. मर्क्युरीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांचेंहि असेंच आहे.

आतां क्रमानें पाहूं. १९६९ सालीं तो ‘आयबेक्स’ नांवाच्या वृंदांत गाऊं लागला. त्या वर्षीं ९ सप्टेंबर रोजीं लिव्हरपूल येथील एका क्लबांत या वृंदाचा कार्यक्रम झाला. त्याची एक साधी फीत तेव्हां करून ठेवली गेली, म्हणून त्या वयांतील त्याचा आवाज आज आपणांस मिळतो. त्या फितीवरील एक गाणें, बीटल्स वृंदाचें ‘रेन’, २००० सालीं अधिकृतपणें प्रसिद्ध झालें. मुद्रण खरखरीत आहे. गिटारच्या गदारोळावर आपला आवाज नेण्याचा त्या तरुणाचा सारा खटाटोप आहे, आणि त्यांत सुराची नजाकत मागें पडते. परंतु एक गोष्ट तेव्हांच पक्की दिसते : गर्दीपुढें उभें राहण्याची भीति त्यास नाहीं. पांचगणींत मागें झील धरणारा मुलगा आतां पुढें आला आहे, एवढें ती फीत निःसंशय सांगते.

१९७० सालीं ब्रायन मे हा गिटारवादक आणि रॉजर टेलर हा ड्रमवादक यांच्याशीं त्याची जोडी जमली आणि ‘क्वीन’चा जन्म झाला. मे हा तेव्हां पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होता. १९७१ सालीं जॉन डीकन हा चौथा गडी येऊन मिळाला. वृंद तयार झाला, परंतु ध्वनिमुद्रणास पैसा कोठून आणावा? त्याच सुमारास लंडनच्या वेम्ब्ले भागांत ‘डी लेन ली’ नांवाचा नवा स्टुडिओ उभा राहत होता. तेथील यंत्रें मोठ्या आवाजास कितपत टिकतात, भिंतींतून नाद पलीकडे झिरपतो कीं काय, हें पाहण्यासाठीं मालकांस कोणीतरी जोरानें वाजविणारा हवा होता. या चौघांनीं तें काम पत्करलें आणि मोबदल्यांत आपलीं पांच गाणीं फुकट मुद्रित करून घेतलीं. १९७१ च्या अखेरचीं हीं पांच गाणीं चाळीस वर्षांनीं, २०११ सालीं, अधिकृत रीत्या बाहेर आलीं. त्यांतील तीन मर्क्युरीचीं आहेत : ‘ग्रेट किंग रॅट’, ‘जीझस’ आणि ‘लायर’. फारशी कलाकुसर न करतां, जसें वाजविलें तसें टिपलेलें हें मुद्रण आहे. आणि नंतरच्या भारी मुद्रणापेक्षां यांतील नादच आम्हांस अधिक जवळचा वाटे, असें ब्रायन मे यांनीं बोलून दाखविलें आहे.

तदनंतरची पायरी म्हणजे लंडनचाच ‘ट्रायडेंट’ स्टुडिओ. १९७२ सालीं तेथें पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेचें काम सुरू झालें तें उरल्यासुरल्या वेळांत. पैसे भरून येणारे नामांकित कलावंत गेले म्हणजे जे तास मोकळे पडत, ते या मुलांच्या वांट्याला येत. मग ते रात्रीचे असोत कीं पहांटेचे. काम सलग होत नसे, आणि एका बैठकींतला नाद दुसरीशीं जुळत नसे. ‘द नाइट कम्स डाउन’ हें एक गाणें तर पुन्हां मुद्रित करूनहि मनासारखें न उतरल्यामुळें डी लेन लीचीच जुनी फीत तबकडींत घालण्यांत आली.

या खटपटींत एक उपकथा घडली, आणि माझ्या मतें हीच सर्वांत दुर्लक्षित ध्वनिमुद्रिका होय. त्याच स्टुडिओंत रॉबिन केबल नांवाचे तंत्रज्ञ जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या नव्या आवृत्तीचा एक प्रयोग करीत होते. त्यांनीं मर्क्युरीस गावयास बोलाविलें. ‘आय कॅन हिअर म्युझिक’ आणि ‘गोइंग बॅक’ हीं तीं दोन गाणीं. दोन्ही दुसऱ्यांनीं रचलेलीं, दोन्ही आधींच इतरांनीं प्रसिद्ध केलेलीं. १९७३ च्या जूनमध्यें ही छोटी तबकडी बाजारांत आली ती ‘लॅरी ल्युरेक्स’ या थट्टेच्या टोपणनांवानें. ती खपली नाहीं. गायकाचें खरें नांव तिच्यावर नसल्यामुळें ती कोणाच्या स्मरणांतहि राहिली नाहीं.

परंतु ती ऐकून पाहा. आपल्या वृंदांत हा गायक गर्जना करतो, आवाज उंच फेकतो, क्षणांत सोंग बदलतो. येथें त्यास तसें कांहींच करावयाचें नाहीं. चाल दुसऱ्याची, शब्द दुसऱ्याचे, नांव खोटें. अशा वेळीं गळा काय करतो? ‘गोइंग बॅक’मध्यें तो शब्द सावकाश उच्चारतो, सुरावर हलकेच उतरतो, आणि गाण्यांतील बालपणाच्या ओढीस जराहि नाटकीपणा लागूं देत नाहीं. आपल्याकडे चीज गुरूची असते आणि तरी शिष्याचा गळा तींत ओळखूं येतो. तसाच हा प्रकार आहे. पुढें हजारों लोकांस हलवून सोडणारा आवाज एका माणसाच्या कानाशीं बोलूं शकत होता, हें या तबकडीवांचून कळत नाहीं.

तबकडी बाजारांत येण्यापूर्वींच त्यास आणखी एक आधार मिळाला, आणि नभोवाणीवरून बोलतांना त्याचा उल्लेख केलाच पाहिजे. फेब्रुवारी १९७३ मध्यें बी. बी. सी.नें या अपरिचित वृंदास आपल्या स्टुडिओंत बोलावून चार गाणीं मुद्रित केलीं आणि त्याच महिन्यांत तीं प्रक्षेपित केलीं. तोंपर्यंत त्यांची एकहि तबकडी दुकानांत आली नव्हती. ज्याचें नांव कोणी ऐकलें नाहीं, त्याचा आवाज घरोघर पोहोंचविणें हें नभोवाणीचें फार जुनें व्रत आहे. तें मुद्रण १९८९ सालीं तबकडीरूपानें निघालें, म्हणून तें आज ऐकावयास मिळतें.

शेवटीं १३ जुलै १९७३ रोजीं ‘क्वीन’ याच नांवाची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्याआधीं आठवडाभर निघालेली छोटी तबकडी लोकप्रियतेच्या यादींत कोठेंच शिरली नाहीं. दहा तुकड्यांपैकीं पांच मर्क्युरीच्या रचना आहेत. त्या अर्ध्याकच्च्या म्हणून सोडून दिल्या जातात. कच्चेपणा त्यांत आहे, तो मी नाकारीत नाहीं. ‘ग्रेट किंग रॅट’मध्यें लय इतक्या वेळां बदलते कीं, एका गाण्यांत तीन गाणीं कोंबल्यासारखें वाटतें. पण कच्चेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक मुलगा सोपा निबंधहि चुकतो. दुसरा आपल्या आंवाक्याबाहेरचा विषय घेतो आणि त्यांत अडखळतो. मास्तरानें दोघांस सारखेच गुण दिले, तर तो मास्तर कसला? हा तरुण दुसऱ्या जातीचा होता.

‘माय फेअरी किंग’ हें गाणें घ्या. मानवाचा स्पर्श होण्यापूर्वींच्या एका सुंदर काल्पनिक राज्याचें वर्णन त्यांत आहे. पंखांचे घोडे, नांगी नसलेल्या मधमाशा. इंग्रजी शिकलेल्यांस हें कोठेंतरी वाचल्यासारखें वाटेल. हॅमेलिन गांवच्या पुंगीवाल्यावर ब्राउनिंगनें लिहिलेल्या सुप्रसिद्ध कवितेंतून या कल्पना आल्या आहेत. मुलांसाठीं रचलेली ती कविता या तरुणानें आपल्या गाण्यांत सामावून घेतली. याच गाण्यांत मातेस ‘मर्क्युरी’ म्हटलेलें आहे, आणि त्यावरूनच बुलसारानें आपलें नवें आडनांव घेतलें, असें ब्रायन मे यांनीं सांगितलें आहे. आणखी एक गोष्ट कान देऊन ऐकावी. यांत आवाजांवर आवाज रचले आहेत. ट्रायडेंटमधील फितीवर सोळा पट्ट्या होत्या. एका पट्टीवर एकदां गावें, दुसरीवर त्याच्याशीं जुळता दुसरा सूर धरावा, असें करीत तीन गळ्यांचा मोठा समूह उभा करतां येई. त्यांतील अगदीं वरची किंकाळी मर्क्युरीची नसून ड्रमवादक टेलरची आहे. पुढें दोन वर्षांनीं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’मध्यें ज्या स्वरसमूहानें जग चकित झालें, त्याची पहिली मांडणी ती हीच.

‘लायर’ हें सहा मिनिटांहून मोठें गाणें. पापनिवेदन करणारा एक तरुण आणि त्यास खोटें ठरविणारा समूह यांचा तो झगडा आहे. आपल्या गोंधळांत नायक एक बोलतो आणि झीलकरी त्यास उत्तर देतात. किंवा आमच्या वऱ्हाडांत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या भजनांत मंडळी पालुपद उचलून धरते. तें ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांस या गाण्याचा सांगाडा परका वाटणार नाहीं. ‘जीझस’मध्यें तर ख्रिस्ताची कथाच आहे. पारशी घरांत जन्मलेला, ख्रिस्ती शाळेच्या गायनवृंदांत गायलेला हा मुलगा प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक पालुपद आणि रॉकची गिटार यांस एकत्र बसवूं पाहतो. तें पूर्णपणें बसत नाहीं. पण बसविण्याची इच्छा कोठून आली, हें मात्र स्वच्छ कळतें.

त्या तबकडीच्या अखेरीस एक लहानसा तुकडा आहे. नांव ‘सेव्हन सीज ऑफ राय’. शब्द नाहींत, पियानो धांवत येतो, वृंद त्यास गांठतो, आणि सव्वा मिनिटांत सारें विरून जातें. रचना तेव्हां पुरी झाली नव्हती. आठ महिन्यांनीं, मार्च १९७४ मध्यें, दुसऱ्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेंत तीच रचना शब्दांसह पूर्ण होऊन आली, आणि इंग्लंडच्या यादींत दहाव्या क्रमांकापर्यंत चढली. वृंदाचें हें पहिलें यश. अपुऱ्या कामाची लाज न बाळगतां तें जसेंच्या तसें शेवटीं ठेवणें, आणि पुढें तें पुरें करून दाखविणें, याची इतकी नितळ साक्ष मला दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

आतां एका वादाच्या प्रश्नाकडे येतों. २०२४ च्या ऑक्टोबरमध्यें ही पहिली तबकडी ‘क्वीन वन’ या नांवानें पुन्हां प्रसिद्ध झाली. मे आणि टेलर यांच्या देखरेखीखालीं मूळ फितींवरून तिचें सारें मिश्रण नव्यानें करण्यांत आलें. मूळ तबकडींतील ड्रमचा बद्द नाद त्यांस कधींच रुचला नव्हता. तो आतां उघडा, भरदार केला आहे. १९७३ सालीं वगळलेलें मर्क्युरीचें ‘मॅड द स्वाइन’ हें गाणेंहि तिच्या मूळ क्रमांत परत बसविलें आहे. निर्मात्यांस आपलें काम सुधारण्याचा हक्क आहे, आणि नवें रूप कानांस अधिक गोड लागतें, हें खरें. परंतु एखाद्याची जुनी वही सुवाच्य अक्षरांत उतरवून काढली, म्हणून मूळ वही फाडून टाकूं नये. ज्या चोरट्या तासांत, ज्या दाबलेल्या नादांत तें गायन झालें, तो नादहि त्या गायनाचाच भाग आहे. नवीन पिढीस केवळ दुरुस्त प्रतच ऐकावयास मिळाली, तर त्या चौघांनीं कशाशीं झुंज दिली, हें तिला समजणार नाहीं. दोन्ही प्रती उपलब्ध राहाव्यात, दोन्ही ऐकाव्यात.

हा आग्रह आपल्या घरांसहि लागू आहे. वऱ्हाडांतील कितीतरी माळ्यांवर लाखेच्या जुन्या तबकड्या, नाट्यपदांच्या, भजनांच्या, पडून आहेत. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी ठिसूळ असते. पडली कीं फुटते, आणि उन्हानें वांकते. त्यांत प्रसिद्ध गायकांच्या आरंभीच्या मुद्रिका असण्याचा संभव पुष्कळ. रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वीं त्या एखाद्या जाणत्या संग्राहकास दाखवाव्या. शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या जुन्या फितीहि जपून ठेवाव्या. पांचगणीच्या त्या पांच मुलांच्या वृंदाची तबकडी कधीं निघाली नाहीं. तेव्हां कोणास वाटलें असेल कीं ती निघावयास हवी होती?

ज्यांस या मुद्रिका ऐकण्याची इच्छा असेल, त्यांनीं माझ्या मतें आरंभ ‘गोइंग बॅक’पासून करावा, मग डी लेन लीचीं गाणीं ऐकावीं, त्यानंतर पहिली दीर्घ तबकडी मूळ रूपांत आणि शेवटीं नव्या रूपांत. आज हें सर्व घरबसल्या मोबाईलवर मिळतें. ऐकतांना पुढची कीर्ति क्षणभर बाजूस ठेवावी आणि सव्वीस वर्षांचा, भाड्याची चिंता असलेला एक तरुण गात आहे, एवढेंच मनांत धरावें.

शेवटीं एकच गोष्ट सांगतों. मे १९९१ मध्यें स्वित्झर्लंडमधील माँत्रू येथें, मृत्यु जवळ आला असतां, मर्क्युरीनें ‘मदर लव्ह’ हें गाणें म्हटलें. तें त्याचें अखेरचें गायन. शेवटचें कडवें गाण्याइतकी शक्ति त्याच्यांत उरली नाहीं. तें पुढें ब्रायन मे यांनीं गाऊन पुरें केलें, आणि १९९५ सालीं ‘मेड इन हेवन’ या ध्वनिमुद्रिकेंत तें प्रसिद्ध झालें. त्या गाण्याच्या अखेरीस सोबत्यांनीं एक जुना आवाज जोडला आहे. तो १९७२ सालच्या ‘गोइंग बॅक’चा आहे. जी तबकडी खोट्या नांवानें निघाली, खपली नाहीं आणि विसरली गेली, तींतलाच सूर या गायकाच्या शेवटच्या गाण्याचा शेवट करण्यास त्याच्या मित्रांस योग्य वाटला. ज्यांनीं त्यास सर्वांत जवळून ऐकलें होतें, त्यांची ही निवड आहे. तेवढ्यासाठीं तरी ती तबकडी एकदां ऐकावी, ही विनंति करून मी आपली रजा घेतों.